मार्थाबाईंशेजारची जागा

तक्रारदार : मारुती ज्ञानू चौगुले, वय चोपन्न, शिक्षण नववीपर्यंत, व्यवसाय अर्जलेखन, बैठक कचेरीच्या आवारात चिंचेखाली डावीकडून दुसरे टेबल, कोल्हापूर.

विरुद्ध : सुभेदार (निवृत्त) दाविद यशवंत पारखे, वय शहात्तर, मालक, पंप व मोटार दुरुस्तीचा कारखाना, उद्यमनगर, मंडळीचे वडील, म्हणजे चर्चच्या पंचांपैकी एक, दफनभूमी समितीचे सभासद, आणि या शहरातील प्रत्येक फुटक्या झाकणाचे, बंद दिव्याचे व गळक्या नळाचे कोणीही न नेमलेले पालक.

घटना : गेल्या बुधवारी सकाळी दहाच्या सुमारास, कारखान्यात, दुरुस्त केलेली पंपाची मोटार चालू करून तिचा आवाज ऐकत असताना, कोणासही पूर्वसूचना न देता निघून जाणे.

साक्षीदार : १) कारखान्यातील दोन कारागीर. २) सदर मोटार, जी कारागिरांच्या सांगण्याप्रमाणे नंतरही बराच वेळ चालूच होती, कारण ती बंद करण्याचे कोणास सुचले नाही. ३) दफनभूमीचे राखणदार पेत्रसबाबा. ४) तुमचे चिरंजीव सुनील. शेवटच्या दोघांची साक्ष पुढे सविस्तर येईल.

सुभेदार, हा कागद तुमच्यावर आहे आणि माझ्यावरही आहे. एकाच कागदात दोन आरोपी, त्यांपैकी एक स्वतः तक्रारदार, असा अर्ज मी आजवर लिहिलेला नाही. तेव्हा मांडणीत चूक झाल्यास सांभाळून घ्यावे.

खरे पाहता मृत्यूविषयी लिहिण्याचा मी अधिकारी माणूस आहे. वारसनोंदीचे, पेन्शनचे, भरपाईचे अर्ज मी आयुष्यभर लिहिले. 'मयत' हा शब्द माझ्या हाताला इतका सवयीचा की तो लिहिताना मी चहाही पितो. परंतु बुधवारपासून तो शब्द तुमच्या नावामागे बसत नाही. 'मयत दाविद' एवढे लिहून होते, हात थांबतो, आणि मान आपोआप वर होऊन फाटकाकडे वळते.

बातमी आणली ती आवारातल्या बंडू चहावाल्याने.

"भाऊ, सुभेदार गेलं."

"कुठे गेले?"

"अवो, गेलं म्हंजे गेलं. कारखान्यात. बसल्या जागी."

"काल इथे बसले होते," मी म्हणालो. "या स्टुलावर. तुझाच चहा प्यायले."

"व्हय की. बिनसाखरेचा." असे म्हणून बंडू तेथेच उभा राहिला.

मी गगनबावड्याहून आलेल्या एका आजींचा अर्ज लिहीत होतो. तो मी पूर्ण केला. घाई केली नाही, की खाडाखोडही केली नाही. मग रीतीप्रमाणे वाचून दाखवू लागलो तेव्हा आजी म्हणाल्या, "पावणं, माझं नाव दाविद न्हाय." अर्जदाराच्या जागी मी तुमचे नाव लिहिले होते. दोनदा. तो कागद फाडताना मला कळले की बातमी खरी आहे.

आपली ओळख भांडणातून झाली. तुम्ही मुलींच्या शाळेसमोरील गटाराच्या उघड्या झाकणाविषयी अर्ज लिहून घेण्यास आला होता. मी अडीच पाने लिहिली. तुम्ही उभ्यानेच वाचलीत, खिशातून पेन्सिल काढलीत, आणि तीन ओळी सोडून सगळे खोडलेत.

"काय मोडलंय, कुठं मोडलंय, कधी नीट करणार. फौजेत एवढ्यावर पूल बांधून होतो, बाबा."

"साहेब, ही फौज नव्हे, महापालिका आहे. इथे कागदाला वजन लागते."

"वजन तुझ्या पोटाला पुष्कळ हाय. कागदाला नको."

शेजारच्या टेबलावरचे कुलकर्णी मोठ्याने हसले. ते आजही तो विनोद सांगतात. मी इतका रागावलो की तुम्ही तोंडघशी पडावे या हेतूने तो अर्ज तसाच तीन ओळींचा लिहून दिला. चौथ्या दिवशी झाकण बसले. ते माझ्या अर्जातील 'संदर्भ' या भागामुळे बसले असे मी तुम्हाला पुढे कायम सांगत आलो. त्या अर्जात संदर्भ नव्हताच, कारण तो तुम्ही खोडला होता. हे आज प्रथमच कबूल करीत आहे.

त्यानंतर किती कागद लिहिले आपण! दिव्याच्या खांबाचे, पाण्याच्या टाकीचे, अंध मुलांच्या वसतिगृहाला जिना नको उतार हवा याचे. कारखान्याचा शर्ट बदलून, केस चापून बसवून, अकराच्या ठोक्याला तुम्ही फाटकातून आत येणार. मी 'रामराम' म्हणणार, तुम्ही 'सलाम'. काही वर्षांनी कधी कोण जाणे, मी सलाम म्हणू लागलो आणि तुम्ही रामराम. दोघांच्याही ते लक्षात आले होते, पण बोललो नाही. नाताळला करंज्यांचा डबा घेऊन तुम्ही स्वतः येत असा, आणि त्या करंज्या मार्थाबाईंच्या हातच्या असताना कशा होत्या व आता सुनेच्या हातच्या कशा आहेत याचा निवाडा माझ्याकडून मागत असा. मी सुनेच्या बाजूने निकाल देई. तुम्हाला तेच हवे असे.

आमच्या धंद्यात एक रीत आहे. कागद लिहून झाला की पक्षकारास मोठ्याने वाचून दाखवायचा, त्याने 'बरोबर' म्हटले की मगच सही किंवा अंगठा घ्यायचा. पुष्कळ जण ही रीत पुटपुटून उरकतात. मीही उरकत होतो. तुम्ही ते चालू दिले नाहीत. "ज्याच्याविरुद्ध लिहिलंयस तो समोर उभा हाय असं समजून वाच," असे तुम्ही म्हणत असा. "त्याच्या तोंडावर वाचता आलं तरच खरं." मला ते फौजी नखरे वाटत. तरीही हळूहळू माझा आवाज चढला, आणि आता आवारात कोणाचा कागद वाचला जात आहे ते फाटकापर्यंत ऐकू जाते.

आता मुद्द्याकडे येतो. फार वेळ टाळला.

मार्थाबाई गेल्या तेव्हा त्यांना दफनभूमीच्या वरच्या अंगाला, कडुनिंबापाशी जागा मिळाली. शेजारची जागा मंडळीच्या नोंदवहीत तुमच्या नावे राखून ठेवली गेली. दर रविवारी उपासना संपली की तुम्ही तेथे जाऊन उभे राहत असा. मी एकदा बरोबर होतो. त्या मोकळ्या जागेकडे बोट दाखवून म्हणालात, "ही माझी शेवटची पोस्टिंग. हिथून बदली न्हाय." तुम्ही हसत होता. मला हसू आले नाही, कारण ते बोलताना तुमचा दुसरा हात बाईंच्या क्रूसावर होता.

मग तो मोठा पूर आला. पंचगंगा पात्र सोडून पेठांत शिरली. माझे घर पाण्यात गेले, आणि माझी बायको-मुले तुमच्या माडीवर होती. त्या दिवसांत तुमच्या घरचे किती जेवण आम्ही जेवलो याचा उल्लेख केलेला तुम्हाला आवडणार नाही, म्हणून करीत नाही. दिवसभर तुमचे पंप लोकांच्या तळघरांतून पाणी ओढत, आणि मी वेडावाकडा पाइप धरून तुमच्या मागे.

महामार्ग बंद होता. लॉऱ्यांच्या रांगा लागल्या होत्या. त्यांतील एक चालक, केरळकडचा, छातीत कळ येऊन लॉरीतच गेला. गळ्यात क्रूस होता म्हणून पोलिसांनी मंडळीकडे निरोप पाठवला. घरच्यांशी फोन झाला. त्यांना येणे शक्य नव्हते, तिथेच माती द्या म्हणाले. वर्गीस हे त्याचे नाव. पेत्रसबाबा तेव्हा गगनबावड्याला लेकीकडे अडकले होते आणि रस्ता बंद. म्हणून दफनभूमीत तिघेच होतो. तुम्ही, त्या वेळचे पाळकसाहेब, आणि मी. खालचे सगळे अंग पाण्यात होते.

पाळकसाहेब म्हणाले, "सुभेदार, कोरडी जागा एकच दिसते." आणि त्यांनी मार्थाबाईंच्या शेजारी पाहिले.

"चौगुले, कुदळ आण."

"सुभेदार, ती तुमची जागा आहे."

"मी काय आज मरतोय? हा मेलाय."

मी आयुष्यात पहिल्यांदा माणसासाठी खड्डा खणला. तुम्ही माझ्याहून वीस-बावीस वर्षांनी मोठे, आणि तुमच्या हातातली कुदळ काही सुटेना. पंप ज्या खोक्यांतून येतात त्यांच्या फळ्या ठोकून तुम्ही पेटी केली होती. लाकडी क्रूस तुम्हीच लावलात.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात मला बसवून हक्कसोडपत्र लिहायला लावलेत. मी विरोध केला. हवे तर त्यास भांडण म्हणा.

"एवढ्याचा कागद कशाला? तोंडी पुरे."

"वहीत माझं नाव हाय, चौगुले. उद्या मी गेलो की पोरं येऊन तिथंच खणतील. त्या माणसाला उठवतील. म्हणून एक प्रत मंडळीच्या वहीत चिकटली पायजे. वही पेत्रसच्या खोलीत माळ्यावर हाय, खोलीत पाणी हाय. पाणी उतरलं की तू नेऊन दे."

"पण बाईंच्या शेजारी परका माणूस?"

तुम्ही जरा वेळ एक नट फडक्याने पुसत राहिलात.

"मार्था माणसं जेवायला बसवायची ती गाव विचारून न्हाय. तिला चालतंय." मग म्हणालात, "घरात बोलू नको. सुनीलला वाईट वाटंल. येळ बघून मी सांगतो."

ती वेळ तुम्ही कधीच पाहिली नाही. तुमच्यावरील आरोप हाच, आणि तो मी मागे घेणार नाही. महापालिकेला तीन ओळींत सत्य सांगणारा माणूस स्वतःच्या मुलाला एक वाक्य सांगू शकला नाही.

माझ्यावरील आरोप याहून मोठा आहे. दोन दिवसांनी पाणी आणखी चढले, वरचे अंगही बुडाले, क्रूस वाहून गेला आणि सगळीकडे सारखा गाळ बसला. दगड लावायचा तर वर्गीसचे नाव त्याच्या भाषेत हवे, ते घरच्यांनी लिहून पाठवले की लावू, असे तुम्ही ठरवलेत. पत्र गेले. उत्तर आले नाही. पाळकसाहेबांची बदली झाली. पेत्रसबाबा परत आले तेव्हा त्यांना गाळाशिवाय काही दिसले नाही, आणि प्रत देताना मीच त्यांना सांगितले असेल असे समजून तुम्हीही बोलला नाहीत. सांगणारा कागद होता, आणि तो माझ्या पत्र्याच्या पेटीत होता.

तुम्ही विचारलेत, "प्रत दिलीस?"

मी म्हणालो, "दिली."

का म्हणालो, ते सांगतो. माझा समज असा होता की कागद दाखल होत नाही तोवर हक्क सुटत नाही. सगळे आयुष्य या आवारात गेले. येथे ज्याची पोहोच नाही ते घडलेलेच नाही. माणूस समोर जिवंत उभा असतो आणि दाखल्याअभावी त्यास नाही म्हणतात, हे मी रोज पाहतो. मला वाटले, प्रत दिली नाही तर वहीत तुमचेच नाव राहील. वर्गीसचे नातेवाईक कधीतरी येतील, त्यास घेऊन जातील, आणि तुम्हाला तुमची जागा मिळेल. मी तुमचे हित राखीत होतो. स्वतःच्या हाताने ज्या मातीत माणूस ठेवला, ती माती माझ्या हिशेबी रिकामी होती, कारण कागद माझ्यापाशी होता. एवढी अक्कल बाळगून मी लोकांना सल्ला देत आलो.

आणि तुम्ही माझ्या 'दिली' या एका शब्दावर विसंबून राहिलात. दर रविवारी दोघांपाशी उभे राहत होता. मला वाटे, एकटीपाशी.

गुरुवारी सकाळी आम्ही दफनभूमीच्या फाटकाशी उभे होतो. सुनील रात्रीच बंगळूरहून पोहोचला होता. पेत्रसबाबा पहाटेपासून खणत होते. ते फाटकाशी आले ते टोपी हातात घेऊनच.

"पाळकसाब, खाली फळी लागली. कुणीतरी हाय तिथं."

नव्या पाळकसाहेबांनी वही उघडली. जागा तुमच्या नावे. सुनीलने ती ओळ दोनदा वाचली.

"बाबांची जागा आहे ही. कोण आहे तिथे?"

"मला ठाव न्हाय, दादा."

"तुम्ही राखणदार ना? मग राखलंत काय? कुणाला दिलीत?"

"देवाशपथ, मी कशाला कुणाला द्यीन? सुभेदारांची जागा मी द्यीन व्हय?"

मागून कोणीतरी म्हणाले, "फुकट न्हाय दिली असंल." कोण बोलले ते मला माहीत आहे, पण तो साक्षीदार नको.

सुनील माझ्याकडे वळला. त्याचे डोळे सुजलेले होते. "काका, लिहा. बाबांचे सगळे कागद तुम्ही लिहिलेत, हाही तुम्हीच लिहा. पोलीस येऊ देत. मगच पुढचं."

आता ऐका, सुभेदार. मी त्या वेळी बोलायला हवे होते. फळी म्हटल्याबरोबर मला ती खिळ्यांच्या भोकांसकट दिसली होती. मी बोललो नाही. फाटकाशेजारच्या कट्ट्यावर बसलो, मांडीवर वही घेतली, आणि लिहिले. तक्रारदार, विरुद्ध, घटना, साक्षीदार. कागद उत्तम उतरला. इतका उत्तम की वाचणाऱ्यास पेत्रसबाबांविषयी शंकाच उरू नये. भीतीने लिहिलेला कागद एवढा बांधेसूद होतो, हे मला त्या दिवशी समजले, आणि मी आजवर लिहिलेल्या कित्येक कागदांविषयी मनात भय उत्पन्न झाले.

"वाचा," सुनील म्हणाला. सही करण्यापूर्वी वाचून घ्यायचे, हे त्याला तुम्हीच शिकवले असणार.

मी उभा राहिलो. आवाज लावला. "सदर राखणदार पेत्रस यांनी आपणांवर सोपविलेल्या जागेबाबत विश्वासघाताने..."

पेत्रसबाबा माझ्यापासून तीन पावलांवर उभे होते. कोपरापर्यंत माती. तुम्ही नेहमी सांगत आलात की तो समोर आहे असे समजून वाच. येथे समजण्याचा प्रश्न नव्हता, ते समोर होते. त्यांना वाचता येत नाही. निरक्षर पक्षकार माझ्याकडे ज्या विश्वासाने पाहतात, तसेच ते पाहत होते, आणि माझ्या प्रत्येक वाक्याला मान डोलावीत होते. कागद त्यांच्याविरुद्ध होता. तरीही डोलावीत होते, कारण एवढे मोठ्याने वाचले जाते ते खरेच असणार.

'विश्वासघाताने' या शब्दापुढे मला वाचता आले नाही.

मी म्हणालो, "तिथे वर्गीस नावाचा लॉरीचालक आहे. पुरातला. सुभेदारांनी स्वतः जागा दिली. मी खणले आहे. कागद माझ्याकडे आहे, मी दाखल केला नाही."

पाळकसाहेबांनी वही मिटली. मग सुनीलने मोटारसायकलची किल्ली काढली आणि मला मागे बसण्याची खूण केली.

आम्ही कचेरीत पोहोचलो. मी पेटी उघडली, तळातून कागद काढला. तुमच्या स्टुलावर बसून त्याने तो वाचला. तुमची ती ठाशीव सही त्याने बोटाने चाचपून पाहिली.

"हे दिलं म्हणून तुम्ही बाबांना सांगितलंत?"

"होय."

"खोटं?"

"होय."

मला वाटले तो मारील. मारले असते तर बरे झाले असते. तो म्हणाला, "मला का नाही सांगितलं त्यांनी, काका? मी नाही म्हणालो असतो का?" आणि मग लहान मुलासारखा रडला. बंडूने न सांगता चहा आणून ठेवला, तो तसाच निवला.

परत गेलो तेव्हा पेत्रसबाबांनी वरचा खड्डा बुजवला होता आणि हाताने माती सारखी करत होते. तुमची जागा खाली, कुंपणाच्या भिंतीलगत, रांगेत ज्याचा क्रम येईल तेथे ठरली. मार्थाबाईंपासून चौदा पावले. मी मोजली. पेत्रसबाबांनी माझ्यापुढे कुदळ धरली.

"धरा. मागं खणलंसा न्हवं? आता बी खणा."

मी खणले. ते दुसऱ्या टोकाने खणत होते. मध्येच मी म्हणालो, "बाबा, तो अर्ज मी फाडला."

"फाडला व्हय. पण वाचलासा की. चार माणसांनी ऐकलं मला चोर म्हटल्यालं."

"मी तसे लिहून देतो. तुमचा काही दोष नाही असे, सही करून."

"मला कुठं वाचाय येतंय? त्या कागदाचं काय करू मी? तोंडानं सांगा. त्याच माणसांपुढं."

चार वाजता तुम्हाला माती दिली. माजी सैनिकांनी सलामी दिली, मंडळीने गायन म्हटले. तुमच्या कारखान्याचे कारागीर पेटीला हात लावून उभे होते, मोटार गरम झाली की नाही ते पाहण्यासाठी लावतात तसा. अंध वसतिगृहाची मुले रांगेने आली. त्यांना कोणीतरी सांगितले की हेच ते उतारवाले आजोबा. मी मागे उभा होतो. सलाम म्हणावे की रामराम, ते मला ठरवता आले नाही.

रविवारी उपासनेनंतर मी मंडळीपुढे उभा राहिलो. मी तुमच्या मंडळीचा नव्हे, अंबाबाईचा माणूस, तरी पाळकसाहेबांनी बोलू दिले. हातात कागद नसताना मी चार लोकांत कधी बोललेलो नाही. जे घडले ते सांगितले. पेत्रसबाबा शेवटच्या बाकावर बसले होते. माझे बोलणे संपल्यावर त्यांनी टोपी घातली आणि दफनभूमीचे फाटक उघडायला गेले. त्यांनी क्षमा केली किंवा नाही हे मला समजलेले नाही, आणि विचारण्याचा हक्कही नाही. हक्कसोडपत्राची प्रत मी त्याच दिवशी वहीत चिकटवून घेतली.

वही मिटताना पाळकसाहेब सहज म्हणाले, "सुभेदारांनीही मागच्या सोमवारी ही वही मागवून घेतली होती. बराच वेळ पाहत होते. काही बोलले नाहीत."

सुभेदार, मी तेथील खुर्चीवर बसलो.

कारण सोमवारनंतर मंगळवार आला, आणि मंगळवारी तुम्ही माझ्याकडे आला होता. गतिरोधकाचा अर्ज सांगून झाला. चहा झाला. तुम्ही उठलात आणि पुन्हा बसलात. आणि म्हणालात, "चौगुले, तुझ्याकडं माझा एखादा कागद राहिलाय का रे?"

मी म्हणालो, "नाही साहेब. सगळे दाखल."

तुम्ही माझ्या पेटीकडे पाहिलेत. माझ्याकडे पाहिले नाही. म्हणालात, "बरं. तरी एकदा पेटी उपसून बघ. मी गुरुवारी येतो." आणि गेलात.

मी पेटी उपसली नाही. तो कागद कोठे आहे हे मला पाहण्याची गरजच नव्हती.

म्हणजे तुम्हाला माहीत होते. सोमवारी वहीत ती नोंद नाही हे तुम्ही पाहिलेत, मंगळवारी मला विचारलेत, माझे दुसरे खोटे ऐकलेत, आणि तरी दोन दिवसांची मुदत दिलीत. बुधवारी तुम्ही गेलात. त्या मोटारीपाशी बसून तुम्ही तिचा आवाज ऐकत होता की माझा, हे मी कोणास विचारू? डॉक्टर सांगतात, हृदय बंद पडले, दुसरे कारण नाही. डॉक्टरांना माझ्या पेटीची माहिती नाही.

यास्तव विनंती अर्ज सादर करण्यात येतो की,

गुरुवारी येऊन तुम्ही मला काय बोलणार होता, ते कृपया कळवावे. रागावणार होता तर रागाचे शब्द आहेत तसेच कळवावेत, त्यांत माझ्या वयाकडे अगर मैत्रीकडे पाहून काटछाट करू नये. काहीच न बोलता कागद उचलून नेणार होता तर तसे कळवावे. हसून सोडून देणार होता, तर तेही कळवावे, ते वाचणे मला सर्वांत जड जाईल. क्षमेची मागणी या अर्जात नाही. निर्णयाची आहे.

तुम्हीच सांगत असा की उत्तर न देणारी कचेरी ही मोडकी कचेरी. तुमच्याकडून मला उत्तर येणारच, असे धरून मी चाललो आहे.

मारुती ज्ञानू चौगुले

(वरील मजकूर मी स्वतः मोठ्याने वाचला आहे. बरोबर आहे.)